गॅस मीटर बाहेर हलवा म्हणतात. जागा कोण ठरवणार, खर्च कुणी भरायचा?

उंबरठा (प्रश्न)

गॅस मीटर सध्या स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत आहे. तो दर्शनी भिंतीवर हलवायचा, अशी कंपनीची नोटीस आली आहे. खडूने खूण केलेली जागा झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, गाडी वळते त्या कोपऱ्यात आहे. भिंत पश्चिमेची, म्हणजे दुपारभर ऊन. अंदाजपत्रकात ‘मीटर स्थलांतर व अनुषंगिक काम’ ही एकच ओळ आणि समोर एकच आकडा. आतल्या पाइपचं काम ‘ग्राहकाने करून घ्यावे’ असं खाली बारीक अक्षरात.

सध्या मीटरपुढे १५ मिमीचा तांब्याचा पाइप आहे, जेमतेम २ मीटर. नव्या जागेपासून तो ११ मीटर होईल आणि वाटेत पाच एल्बो (वळणाचे जोड) येतील. चार बर्नरची शेगडी आणि गॅस गीझर, दोन्ही त्याच पाइपवर. जागेला हरकत घेता येते का? आणि पैसे कुठपर्यंत आपले? उत्तराला १५ दिवसांची मुदत आहे.

निळी_ज्योत

हरकत जरूर घ्या, पण ‘मीटर बाहेर नको’ अशी घेऊ नका, ती टिकणार नाही. मीटर बाहेर असला की आग लागल्यावर घरात न शिरता व्हॉल्व्ह बंद करता येतो, आणि जास्त दाबाचा पाइप घराबाहेरच संपतो. हरकत घ्यायची ती नेमक्या त्या जागेला, आणि सोबत दुसरी जागा सुचवायची.

खिडकीचा मुद्दा मीटरपेक्षा त्याच्या आधी बसणाऱ्या, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरचा आहे. रेग्युलेटरच्या बशीसारख्या भागाला एक छोटं तोंड असतं, तो व्हेंट. आतला पडदा फाटला की गॅस तिथून बाहेर पडतो, तो त्यासाठीही आहे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, त्यामुळे खिडकीखालच्या व्हेंटमधला गॅस सरळ खोलीत चढणार. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की तो पेट घेतो. म्हणून व्हेंट खिडकी, एसीची हवा ओढणारी जाळी, विजेचा मीटरबोर्ड यांपासून दूर हवा. किमान अंतरं कंपनीच्या बसवणीच्या मानकात लिहिलेली असतात; त्या पानाची प्रत लेखी मागा. दुसरी जागा नसेलच, तर व्हेंटला नळी जोडून तोंड खिडकीपासून लांब नेता येतं. व्हेंटचं तोंड खाली वळलेलं आणि जाळी लावलेलं हवं. कुंभारमाशीने मातीचं घरटं केलं किंवा रंगाऱ्याने त्यावर ब्रश फिरवला, तर पडद्यामागची हवा कोंडते आणि दाब भरकटतो.

गाडीच्या कोपऱ्यात मीटर ठेवायचाच असेल, तर पुढे काँक्रीट भरलेले लोखंडी खांब लागतात. ते अंदाजपत्रकात आहेत का ते विचारा. नसतील तर तीच तुमची सर्वांत भक्कम हरकत.

उन्हाचा मुद्दाही सोडू नका. घरचा साधा डायफ्राम मीटर (पडद्याच्या कप्प्यांतून गॅस मोजणारा) फक्त आकारमान, म्हणजे घनमीटर मोजतो, आणि तापमान १ अंशाने वाढलं की गॅसचं आकारमान साधारण ०.३५ टक्के वाढतं. मीटरमधला गॅस १० अंशांनी तापला, तर तेवढ्याच गॅससाठी आकडा सुमारे साडेतीन टक्के जास्त दिसेल. मीटर तापमान-भरपाईचा, म्हणजे हा फरक स्वतःच दुरुस्त करणारा असेल तर ही अडचण नाही. तसं त्याच्या माहितीपट्टीवर लिहिलेलं असतं. नसेल तर सावलीची भिंत किंवा हवेशीर पेटी मागा.

हिशेब_पक्का

एका ओळीच्या अंदाजपत्रकावर सही करू नका. खर्च कुणाचा, हे मीटर का हलतोय यावर ठरतं, आणि नोटिशीतलं कारण तुम्ही लिहिलेलं दिसत नाही. आधी तेच लेखी घ्या: सुरक्षेचं कारण असेल तर कोणत्या नियमाचं कलम? कंपनीचं जुनी लाइन बदलण्याचं काम आहे? की तुमच्याकडून काही बांधकाम झालं म्हणून? पहिल्या दोन कारणांत मीटरपर्यंतचा खर्च घरमालकावर टाकणं समर्थनीय नाही. तिसऱ्यात चेंडू तुमच्याकडे येतो.

मग ओळी वेगळ्या मागा: रस्त्यापासूनची लाइन, रायझर (भिंतीवर चढणारा उभा पाइप), रेग्युलेटर, मीटर व ब्रॅकेट, जुनी लाइन तोडून बंद करणं, खणलेली फरशी पूर्ववत करणं, मीटरपुढचा पाइप. मालकीची सीमा बहुतेक ठिकाणी मीटरच्या बाहेर पडणाऱ्या जोडावर असते, पण तुमच्या जोडणी करारात काय लिहिलंय तेच खरं. ते कलम काढून ठेवा. अनामत आणि शुल्क यांची बेरीज एकत्र असेल तर फोडायला लावा. अनामत परत मिळते, शुल्क मिळत नाही.

अडवून मात्र धरू नका. माणसांना आत येऊ दिलं नाही तर सुरक्षेच्या नावाखाली पुरवठा तोडता येतो आणि मूळ वाद बाजूला पडतो. पाहणी करू द्या, हरकत लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या. मुदतीमुळे पैसे भरावेच लागले, तर ‘हक्क राखून भरणा’ असं पत्र त्याच दिवशी द्या.

उंबरठा

कारण ‘मीटर बंदिस्त जागेत’ असं आहे. गॅलरीला नंतर काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या गेल्या, हे खरं.

हिशेब_पक्का

मग चित्र बदलतं, आणि हे आधी कळलं ते बरं झालं. उघड्यावरचा मीटर बंदिस्त तुमच्या बांधकामामुळे झाला, तर हलवण्याचा खर्च ते मागू शकतात. तरी दोन गोष्टी उरतात. काचा बसवल्यानंतर कंपनीच्या माणसाने तिथे तपासणी केली असेल, तर तो अहवाल शोधा. त्यात आक्षेपाचा शेरा नसेल तर मुद्दा तुमच्या बाजूचा. आणि आधी विचारा, काचांच्या जागी वर-खाली कायमची उघडी जाळी बसवली तर मीटर तिथेच चालेल का? वायुवीजन हाच आक्षेप असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय हा. त्याचं उत्तर लेखीच घ्या.

एल्बो_आणि_टी

हलवायचाच ठरला, तर पाइपचा हिशेब आधी करा, कारण ११ मीटरला १५ मिमी पुरणार नाही.

गीझर आणि शेगडीच्या माहितीपट्टीवरचं इनपुट किलोवॅट (गॅस जाळण्याचा दर) बघा, आउटपुट नव्हे. समजा गीझर २२ आणि शेगडी ९, एकूण ३१. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून साधारण १०.५ किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे दोन्ही पूर्ण चालू असताना ताशी सुमारे ३ घनमीटर. मीटरपासून उपकरणापर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त उतरू नये, असं ब्रिटनचं घरगुती पाइपिंगचं मानक धरतं; २१ मिलिबारच्या पुरवठ्याला तो हिशेब चालतो. प्रत्येक एल्बोला अर्धा मीटर धरा: ११ अधिक २.५, म्हणजे १३.५ मीटर. त्या मानकाच्या तक्त्यात १५ मिमी तांब्याचा पाइप १२ मीटरला ताशी १.३ घनमीटरच नेतो. २२ मिमीचा १५ मीटरलाही ३.४ नेतो. म्हणजे २२ मिमीच लागेल.

कंत्राटदार जुना १५ मिमीच पुढे वाढवतात तिथे घोळ होतो. शेगडी एकटी नीट जळते, त्यामुळे काम झाल्यावर कुणाला कळत नाही. मग गीझर पेटला की शेगडीची ज्योत खाली बसते, किंवा गीझरच विझतो. म्हणून तपासताना दोन्ही एकदम पूर्ण चालू ठेवून उपकरणापाशी दाब मोजायला लावा.

नव्या मीटरची क्षमताही बघा. मीटरच्या आकाराची खूण ‘जी’ अशी असते. जी १.६ मीटर ताशी २.५ घनमीटरपर्यंतच आहे, तुम्हाला कमी पडेल. जी २.५ ताशी ४ पर्यंत जातो.

भिंतीतून पाइप जाताना त्याभोवती स्लीव्ह (जरा मोठी नळी) हवी, भिंतीच्या आत एकही जोड नको. स्लीव्ह आणि पाइप यांमधली फट घराच्या बाजूने बंद करायची आणि बाहेरच्या बाजूने मोकळी ठेवायची, म्हणजे गळलेला गॅस बाहेर जातो. कंत्राटदार हमखास दोन्हीकडे सिमेंट मारतात. धातूच्या गॅस पाइपला अर्थिंगची बाँडिंग वायर असेल, तर मीटरसोबत तीही हलते. हा इलेक्ट्रिशियनचा खर्च अंदाजपत्रकात जवळजवळ कधीच नसतो.

निळी_ज्योत

यात एक भर. काम संपल्यावर गळती तपासणी संपूर्ण पाइपची करायला लावा, फक्त नव्या तुकड्याची नव्हे. उपकरणांचे कॉक बंद करून २० मिलिबारला दाब धरायचा, एक मिनिट स्थिर होऊ द्यायचा, मग दोन मिनिटं काटा बघायचा. काटा हलला तर साबणाच्या पाण्याने जोड शोधायचे. काडी पेटवून कधीच नाही.

जुना मीटर काढण्याआधी त्याचा अनुक्रमांक आणि आकडा एकाच फोटोत घ्या, नव्याचाही तसाच. लाल चौकटीतले आकडे दशांशाचे असतात. ते पूर्ण घनमीटर धरून केलेलं शेवटचं बिल कितीतरी पटींनी फुगतं, आणि तोवर जुना मीटर भंगारात गेलेला असतो.