फियाट डिलाइटला (१९६९) कोणता कार्ब्युरेटर बसेल?

दांडियाबाजारकर, बडोदा:
घरची फियाट ११०० डिलाइट आहे, १९६९ची, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर. आजोबांनी घेतली, बाबांनी सांभाळली. मला ती झाकून ठेवायची नाही, चालवायची आहे.

थंड असताना एका सेल्फमध्ये उठते. गरम झाली की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं) टिकत नाही, काळा घोड्याच्या सिग्नलला बंद पडतेच. स्क्रू पिळून आयडलिंग वाढवलं, तर पाय काढल्यावरही गाडी ओढत राहते. चारही प्लग काळे, आत पेट्रोलचा वास. पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे आहेत, टायमिंग बघून झालं. कार्बवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर) सोलेक्स ३२ पीबीआयसी असं कोरलंय. त्यात दुरुस्तीचं किटही टाकलं, फरक नाही.

मिस्त्री म्हणतो, "साहेब, मारुतीनुं नाखी दईए, प्लेट बनावीने." म्हणजे मधे जोडप्लेट बनवून मारुती ८००चा कार्ब बसवायचा. दुसरीकडे जुन्या पद्मिनीचा (याच फियाटचं पुढचं रूप) कार्ब मिळतोय, पण आत कोणते जेट (पेट्रोल-हवा मोजून सोडणारी बारीक भोकं) आहेत ते विकणाऱ्याला माहीत नाही. मॅनिफोल्डला (कार्ब ज्यावर बसतो त्या भागाला) नवी भोकं पाडायला माझा जीव होत नाही. पद्मिनीचा घेऊ का? घेताना काय बघायचं? आणि हाच दुरुस्त होत असेल तर बडोद्यात कुठे?

गिरगाव११००:
पद्मिनीचा कार्ब टॅक्सीतून निघालेला असेल तर हातात घेऊन, हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे संपल्या, आणि शेवटची कित्येक वर्षं त्यांतल्या बहुतेक सीएनजीवर होत्या. गॅसवरही थ्रॉटल (पायाने दाबल्यावर उघडणारी कार्बमधली झडप) दिवसभर फिरतोच, म्हणून झीज पुरेपूर. पेट्रोलच्या वाटा मात्र सुकून चिकटलेल्या.

सोलेक्सवाले काका, मकरपुरा:
आयुष्य टूलरूममध्ये गेलं, आता जुने कार्ब उघडतो.

मारुतीचा नको. तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी जुळवलेला, दोन घशांचा. प्लेट मारून बसतो, गाडी चालतेही, पण जेट, लिंकेज, एअर क्लीनर सगळं नव्याने जुळवावं लागतं. ते कुणी करत नाही, प्लेट टाकून गाडी हातात देतात.

पद्मिनीचा चालेल. मात्र ३२ हे फक्त थ्रॉटलच्या भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये. चोक ट्यूब (हवेची वाट अरुंद करणारी नळी, ओढायचा चोक वेगळा) आणि जेट इंजिनाप्रमाणे बदलतात, त्यामुळे बाहेरून जुळा दिसणारा कार्ब दुसऱ्याच इंजिनाचा असू शकतो. सोलेक्समध्ये हे सगळं सुटं होतं आणि त्यावर आकडे असतात, मेन जेटवर ११५ म्हणजे १.१५ मिमी. तुमच्या कार्बमधले चोक ट्यूब, मेन जेट, एअर करेक्शन (हवेचा) आणि पायलट (आयडलिंगचा) जेट यांचे आकडे आजच वहीत उतरवा. कुणी तार घालून जेट मोठा केला असेल तर मात्र आकडा खोटा, तो फेकायचाच.

पण बाळा, आधी जुन्याला न्याय द्या. मला दोन वेगळे दोष दिसतात. सोलेक्सच्या चोकला झडप नसते. बाजूला फिरती चकती असते, ती थंड इंजिनाला जादा पेट्रोल सोडते. लिव्हर पुरता मागे गेला नाही की गाडी कायम अर्ध्या चोकवर चालते. म्हणून प्लग काळे, आणि कदाचित म्हणूनच सकाळी एका सेल्फमध्ये उठते! केबल सोडवा, लिव्हर हाताने शेवटपर्यंत मागे न्या, गाडी गरम करून बघा. किट टाकताना नीडल व्हॉल्व्हखाली (कार्बमध्ये पेट्रोल घेणाऱ्या झडपेखाली) पातळ वॉशर गेला असेल तर फ्लोटच्या वाटीतली पेट्रोलची पातळीही वर चढली असेल.

दुसरा दोष स्पिंडलचा, म्हणजे थ्रॉटल ज्यावर फिरतो त्या दांडीचा. इंजिन बंद असताना स्पिंडलचं टोक धरून वरखाली हलवा. खेळ लागला तर तिथून हवा शिरते. आयडलिंगवर टोकाशी ऑइलचा थेंब सोडा, इंजिनाचा आवाज बदलला तर खात्री. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात, गरम इंजिनावर ते कधीही करू नका. शिवाय कार्बची फ्लेंज (मॅनिफोल्डवर बसणारी सपाट कड) काचेवर ठेवून बघा, नट जास्त आवळले की कान वाकतात.

अनघा, नाशिक:
काकांच्या म्हणण्यात एक भर. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. माझ्या ११००डीला मेन जेट एक आकडा वरचा घातला, उतारावर पाय काढल्यावरचे फटाके थांबले. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (पडदा) आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. आणि गाडी पन्नाशीच्या पुढची आहे, पुढेमागे व्हीए मालिकेत व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१च्या नियमाला गाडी मूळ रूपात हवी. प्लेटच्या भानगडीत पडू नका.

दांडियाबाजारकर:
काका, लिव्हर खरंच मागे जात नव्हता, केबलचं बाहेरचं आवरण घसरलं होतं. हाताने मागे नेल्यावर वास गेला. पण आयडलिंग आणखी बिघडलं, आता कोपऱ्यावरच बंद पडते. स्पिंडलला खेळ आहे, तेल सोडलं की क्षणभर सुरळीत चालते. चोक पुन्हा थोडा उघडून चालवू का?

सोलेक्सवाले काका:
नको. चोकचं जादा पेट्रोल इतके दिवस स्पिंडलमधून शिरणारी हवा झाकत होतं. आता ती उघडी पडली, हे चांगलंच झालं. पद्मिनीचा कार्ब घेऊ नका, बॉडीला ब्राँझचे बुश (स्पिंडलच्या भोकात बसणारं अस्तर) मारू. जीआयडीसीत लेथवर होतं, पण दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये झाली पाहिजेत. उलटून पुन्हा धरलं की स्पिंडल तिरका बसतो आणि थ्रॉटल अडकतो, चालत्या गाडीत ते जिवावर बेतेल. मी समोर उभा राहून करून घेईन. येताना बटरफ्लाय (थ्रॉटलची चकती) काढू नका. त्याचे स्क्रू मागून ठोकलेले असतात, ओढाताणीत स्पिंडल वाकतो. सगळं जोडलेलंच आणा, आणि जेटच्या आकड्यांची वही.