मूल सहा वर्षं आईजवळच ठेवा म्हणताय, मग आईने कामावर जायचं कधी?

वाडीची_मुलगी
काल रात्री रोखठोक_रावपुरा यांनी लिहिलेलं वाचलं आणि झोपच लागली नाही. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं, अंगणवाड्या म्हणजे खिचडी वाटायची ठिकाणं झालीत, शिकवत कोणी नाही, त्या बंद करा आणि तेवढे पैसे सरळ आईच्या खात्यात टाका, तसंही सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ असलेलंच बरं.

आईजवळ म्हणजे कुठे हो? इथे बडोद्यात आमच्या बिल्डिंगमध्ये छोटाउदेपूरकडची एक बाई येते, सकाळी साडेसातला सुरू करते, पाच घरं करून अडीचला निघते. धाकटा दोन वर्षांचा. अंगणवाडीत बसवतात ते तीन पूर्ण झाल्यावर, त्याच्या आतल्यांना बालशक्ती नावाच्या पोषण आहाराची पाकिटं घरी देतात. पाकीट मिळतं, वजन होतं, लस होते, कार्ड एकदम व्यवस्थित भरलेलं आहे, मी स्वतः पाहिलंय. फक्त त्या सात तासांत त्याला धरायला कोणी नाही, म्हणून नऊ वर्षांची बहीण घरी बसते. तिचं नाव शाळेच्या पटावर आहे आणि ती ओट्यावर भावाला कडेवर घेऊन बसलेली असते.

माझं म्हणणं एवढंच की सरकार मुलाला खायला देतं, मोजतं, टोचतं, पण सांभाळत नाही. आणि गरिबाघरी सगळं अडतं ते सांभाळण्यावर. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ विकास गटांत ही अंगणवाडीची योजना सुरू झाली, आता पन्नास वर्षं झाली, तरी वेळ अशी की आई अजून तिसऱ्या घरची भांडी घासतेय आणि मूल जेवून घरी परत. अंगणवाडी बंद करू नका, तिचे तास वाढवा.

रोखठोक_रावपुरा
माझंच नाव घेतलंय तर उत्तर देतो. मी गरिबांच्या विरोधात नाही. मी म्हणतो की त्या बाईला काय हवंय ते तिला ठरवू द्या. पैसे हातात आले तर ती शेजारच्या म्हातारीला महिन्याचे काही देऊन मूल ठेवेल, नाहीतर दोन घरं कमी करेल. मधली इमारत, पगार, कॉन्ट्रॅक्ट, धान्याची गळती सगळं वाचतं. टॅक्स आम्ही भरतो, तेव्हा विचारायचा हक्क आहे. आणि सहा वर्षांआधी मूल आईजवळ असावं हे मी एकटाच म्हणत नाही, आमच्या घरात सगळे असेच वाढले.

मकरपुरा_शिफ्ट
तुमच्या घरात आई घरी होती म्हणून वाढले. कारखान्यातलं ऐका. १९४८ च्या कारखाना कायद्यात, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यावंच लागायचं. मी पूर्वी ज्या युनिटमध्ये होतो तिथे पॅकिंगला साठ-सत्तर बायका होत्या पण कंपनीच्या रजिस्टरवर कधी अठ्ठावीस, कधी एकोणतीस, बाकीच्या दोन कॉन्ट्रॅक्टरांच्या नावावर. एकोणतीसच्या वर आकडा जातच नव्हता, मी मस्टर भरायचो म्हणून माहीत आहे. एक बाई सात महिन्यांचं मूल आणायची, ते पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये झोपलेलं असायचं, लाइनपासून दहा फुटांवर. मी सुपरवायझर, बघून न बघितल्यासारखं केलं, आणखी काय करणार होतो, बोललो असतो तर तिलाच उद्यापासून येऊ नको म्हणाले असते.

२०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीचं पण तेच. सव्वीस आठवडे रजा आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. छान कायदा आहे, माझ्या बहिणीला बँकेत मिळाली रजा. पण पोळ्या करणारीला, वीट उचलणारीला सव्वीस दिवस तरी कोण देतं.

वाडीची_मुलगी
रोखठोक, खात्यात पैसे टाकायचा प्रयोग चालू आहे की. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ पासून लिहिलंय की गरोदर आईला सहा हजारांपेक्षा कमी नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला पाच हजार देतात, तेही हप्त्यांनी आणि कागद पूर्ण झाले तर. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा. पाच हजारात ही बाई किती महिने घरी बसेल? तिच्या पाच घरांचं मिळून महिन्याचं त्याहून जास्त होतं. आणि शेजारची म्हातारी म्हणता, ती म्हातारी पण कुठेतरी कामाला जाते, तुम्ही त्या वस्तीत दुपारी एकदा जाऊन बघा, घरी कोण असतं ते.

सयाजीभक्त
मुलांनो, या शहरात हे भांडण व्हावं याचंच वाईट वाटतं. ज्या राज्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, इंग्रजांच्या मुलखात तसा कायदा नव्हता तेव्हा, तिथे आज आपण विचारतोय की गरिबाच्या मुलावर खर्च करावा का. महाराज असते तर प्रत्येक पोळात, म्हणजे गल्लीत, बालमंदिर असतं. मी छत्तीस वर्षं शिकवलं, मराठी शाळांचे वर्ग डोळ्यांदेखत रिकामे होताना पाहिले, आता मराठी मूल गुजरातीतही धड नाही आणि इंग्रजीतही नाही. खरा प्रश्न तो आहे.

जूनची_आई
काका मराठी शाळेचं नंतर बघू, माझा प्रश्न आत्ता जळतोय. माझ्या मुलाचा जन्म ९ जूनचा. आठ दिवस. २०२३ पासून आपल्याकडे १ जूनला सहा पूर्ण नसतील तर पहिलीत प्रवेश नाही. मुलगा तोपर्यंत ज्युनियर सिनियर दोन्ही केजी करून बसलेला, आम्ही कर्ज काढून फी भरलेली, यांचं फॅब्रिकेशनचं सुटं काम, आणि शाळा म्हणाली परत सिनियरला बसवा, फी पूर्ण. एक वर्षाची फी म्हणजे आमचे चार महिने. कोणी विचारलं का आम्हाला?

रोखठोक_रावपुरा
अधिसूचना २०२० चीच होती, तीन वर्षं आधी सांगितलं होतं. हायकोर्टात पालक गेले होते, सप्टेंबर २०२३ मध्ये याचिका फेटाळल्या, आणि कोर्टाने उलट पालकांनाच सुनावलं की तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मुलाला प्रीस्कूलला ढकलणं हेच बेकायदेशीर. तुम्ही केव्हा घातलं होतं?

जूनची_आई
पावणेतीनला. का घातलं ते विचारा ना. कारण मी कपड्यांच्या दुकानात उभी असते दहा ते आठ, सासू वारली, आणि केजीवाले बारापर्यंत ठेवून घेत होते. शिकायला नाही घातलं, ठेवायला घातलं. फी भरून पाळणाघर घेतलं मी. कोर्टाला कायदा दिसतो, माझी ड्युटी नाही दिसत. अधिसूचना वाचायला मी काय सचिवालयात बसते?

मकरपुरा_शिफ्ट
ताई एक नंबर बोललात. बारा नंतर कुठे असायचा?

जूनची_आई
दुकानाच्या मागे, मालाच्या गठ्ठ्यांवर. मालक चांगला म्हणून.

सयाजीभक्त
सहा वर्षांचा नियम मात्र योग्यच आहे. पाच वर्षांच्या बोटांत पेन्सिल देऊन नुकसान होतं हे मी रोज पाहिलंय. महाराजांचा कायदा तर सातव्या वर्षापासून होता.

वाडीची_मुलगी
काका, तेच तर म्हणतेय! सातव्या वर्षापासून. म्हणजे महाराजांच्या कायद्यातसुद्धा सात वर्षांच्या आतलं मूल घरच्यांच्याच भरवशावर होतं. नियम शिकण्याच्या दृष्टीने बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. पण श्रीमंताघरी एक वर्ष वाढलं तर मूल एक वर्ष जास्त खेळतं, गरिबाघरी एक वर्ष वाढलं तर एक वर्ष जास्त कोणीतरी घरी बसतं, आणि तो कोणीतरी बहुतेक मुलगीच असते.

आणि आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं बघा. खासगी शाळेतल्या गरिबांसाठीच्या पंचवीस टक्के जागा आपल्याकडे पहिलीपासून भरतात, वय १ जूनला सहा पूर्ण. त्याच शाळेतली बाकीची मुलं तीन वर्षं केजी करून आलेली. हा पोरगा पहिल्या दिवशी आत जातो तेव्हा बाकी सगळ्यांना आल्फाबेट, पोएम, बाईंची नावं, बाथरूम कुठे, सगळं ठाऊक. तो तीन वर्षं मागे असतो आणि मग मास्तर म्हणतात ही मुलं जमत नाहीत.

रोखठोक_रावपुरा
मग आरटीईवर बोलायचं तर मीही बोलतो. २०२५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा शहरात दीड लाख होती ती सहा लाख केली. आता कारवाले पण फॉर्म भरतात. खऱ्या गरिबाची जागा कोण खाणार? यावर तुमची एवढी लांब पोस्ट आली नाही.

मकरपुरा_शिफ्ट
हे मात्र भाऊंचं बरोबर आहे. नाखुशीने म्हणतो, पण बरोबर आहे.

जूनची_आई
नाही बरोबर. आम्ही दोघं मिळून दीड लाखाच्या थोडं वर होतो म्हणून इतकी वर्षं बाहेर होतो. दीड लाखात बडोद्यात कोण जगतं? महिना साडेबारा हजार. खोलीचं भाडंच काढा त्यातून. सहा जास्त झाले असतील, पण दीड म्हणजे थट्टा होती.

तेडागर_बेनची_सून
दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. सासूबाई पंचवीस वर्षं तेडागर, म्हणजे अंगणवाडीतल्या मदतनीस होत्या, मी स्वतः अंगणवाडीत कार्यकर, म्हणजे सेविका आहे. "शिकवत कोणी नाही" असं लिहिलंय ना, तर माझा दिवस ऐका. मुलं गोळा करायची, नाश्ता, प्रार्थना, मग मोबाइलमध्ये हजेरी, फोटो, वजन उंची, गरोदर बायकांचं टेक होम राशन, त्यात आता आईचा चेहरा जुळला पाहिजे, नेट नाही, बाई उन्हात उभी, कडेवर मूल रडतंय, चेहरा जुळत नाही. मग घरभेटी. मग ममता दिवस, म्हणजे लस-तपासणीचा दिवस. मग निवडणुकीच्या याद्या. या सगळ्यात गाणं, गोष्ट, रंग, माती जे काय होतं ते मी माझ्या जिवावर करते, पण करते. माझ्याकडची मुलं पंचवीस गाणी म्हणतात. या बघायला.

आणि मिळतं काय? कार्यकरला दहा हजार, तेडागरला साडेपाच हजार. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅच्युइटी द्या म्हटलं, तो खटला आपल्याच दाहोदचा. हायकोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये चोवीस हजार आठशे आणि वीस हजार तीनशे द्या म्हटलं. सरकार मात्र म्हणतं आम्ही मानधनावरच्या सेविका आहोत, नोकर नाही. वाडीच्या ताई, तुम्ही म्हणता तास वाढवा. कोणाचे? माझेच ना? माझीही मुलं आहेत. संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि माझं मूल कोण सांभाळणार?

वाडीची_मुलगी
ताई, चुकलंच माझं. "तास वाढवा" असं मी सहज लिहून टाकलं, ते तास कोणाच्या अंगावर पडतात हा विचार केला नाही. दुसरी माणसं नेमून, पूर्ण पगार देऊन, असं लिहायला हवं होतं. २०२२ पासून पाळणा योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघर आहे, वेगळी पाळणा कार्यकर आणि मदतनीस धरलेली, देशभरात सतरा हजारांचं लक्ष्य. अंगणवाड्या चौदा लाखांच्या आसपास आहेत. करा हिशेब.

रोखठोक_रावपुरा
बघा, शेवटी पैशावरच आलं. चौदा लाख पाळणाघरं, दुप्पट स्टाफ, कोण देणार? भावनेवर देश चालत नाही. आणि माफ करा, पण काही आया जबाबदारी टाळायलाच मूल सोडून जातात हे सत्य आहे, बोलायचं नाही का?

वाडीची_मुलगी
आता ऐका. माझी आई दांडिया बाजारात चार घरी पोळ्या करायची. वडील नव्हते. मी दीड वर्षाची असताना माझी ताई चौथीत होती. तिने शाळा सोडली, कारण मला धरायला कोणी नव्हतं. चांगली हुशार होती, पाढे तीसपर्यंत पाठ. मी एम.कॉम. झाले, ताई आज लोकांचे फॉल-पिको करते आणि मुलाच्या वहीवर सही करताना हात थांबतो तिचा. माझ्या आईने कसली जबाबदारी टाळली ते सांगा मला. चार घरच्या पोळ्या लाटून रात्री आमच्यासाठी परत लाटायची ती. तुमच्या हिशेबात माझ्या ताईची शाळा कुठल्या रकान्यात धरलीय?

मकरपुरा_शिफ्ट
भाऊ, शब्द मागे घ्या.

रोखठोक_रावपुरा
तुमच्या आईबद्दल नव्हतं ते. तसं वाटलं असेल तर शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

सयाजीभक्त
वाडीच्या मुली, तुझं वाचून एक आठवलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून पुढे बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तिथे आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण पाठीवर धाकटी भावंडं. मग त्यांनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असं ठेवलं, विकासवाडी नाव दिलं. मोठी मुलगी धाकट्याला घेऊनच यायची, त्याला पाळणाघरात द्यायची आणि स्वतः वर्गात बसायची. मुलांच्या अंगणात जाऊन भरवायची ती अंगणवाडी, शब्दही त्यांचाच. म्हणजे तुझ्या ताईचं उत्तर सापडलं होतं. आपण त्यातलं फक्त नाव घेतलं. मी मघाशी मराठी शाळेचा विषय काढला, तो चुकीच्या वेळी काढला.

तेडागर_बेनची_सून
काका हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी नाही सांगितलं. माझी अंगणवाडी सरकारी शाळेच्या आवारातच आहे, मधे फक्त भिंत आणि कुलूप लावलेलं गेट. गेटच्या पलीकडे तिसरी-चौथीतल्या मुली असतात, त्यांची भावंडं माझ्याकडे. बारा साडेबाराला मी मुलं सोडते तेव्हा त्या मुली मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन निघून येतात त्यांना न्यायला, आणि मग परत वर्गात जात नाहीत. मी रोज बघते.

रोखठोक_रावपुरा
हे जर असं असेल तर तिथे दोन माणसं जास्त द्यायला माझी हरकत नाही. शाळा सुटेपर्यंत. इमारत नवी नको, माणसं द्या. इथपर्यंत मान्य. सगळीकडे नाही.

वाडीची_मुलगी
सुरुवात तिथून होऊ दे. हजेरीपटावरून त्या मुलींची नावं निघतील का हो ताई? मधल्या सुट्टीनंतर किती गैरहजर, एवढंच महिनाभराचं. आपण मिळून लिहून देऊ नगरसेवकांना आणि शिक्षण समितीला, मी टाइप करते.

तेडागर_बेनची_सून
शाळेच्या बेनला विचारते. भल्या आहेत, देतील.

जूनची_आई
मला एक सांगा, धाकटी पाच पूर्ण झालीय पण सहा नाही. सरकारी शाळेत बालवाटिका आहे म्हणतात, फी नसते ना? वेळ किती?

तेडागर_बेनची_सून
फी नाही. पाच पूर्ण चालतं. आमच्या इथली शाळेच्याच वेळेत भरते आणि जेवण पण तिथेच, तुमच्या जवळच्या शाळेत वेळ विचारून घ्या. जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, फोटो दोन. आणि दहाच्या आत जा, नंतर बेन वर्गावर असतात.