समृद्धीच्या मोबदल्यातून नागपूरच्या महाल भागात लक्झरी फ्लॅट? मला नाही पटत

सेलूकर:
आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात समृद्धी महामार्गात जमीन गेलेले काही जण आता नागपूरच्या जुन्या महाल भागात फ्लॅट पाहून राहिले. जुना वाडा पाडून उभी केलेली इमारत. लिफ्ट, जिम, गच्चीवर बाग, अन् जाहिरातीत भोसल्यांचा वारसा! अहो, वारसा तर तुम्हीच पाडला. सागवानी खांब गेले, चौक गेला, विहीर बुजवली. शेती गेली तर त्या पैशात शेतीच घ्यावी. वर मेंटेनन्स चौरस फुटावर, दर महिन्याला. कापसाला भाव असो की नसो.

महालची लेक:
भाऊ, वाड्यात राहून पाहिलं का कधी? मी वाढले तिथं. सगळ्यांत मिळून एक नळ, संडास अंगणापलीकडे, पावसाळ्यात कौलातून धार अन् खाली घमेलं. भाडेकरूंच्या जुन्या भाड्यात कौलं फिरवायचे पैसे निघत नव्हते. आईचे गुडघे गेले तेव्हा लिफ्टची किंमत कळली. दवाखाना जवळ, पोरांचं कॉलेज जवळ, मारबतीची मिरवणूक दारावरून जाते. गावाकडून पाहताना वाडा फार सुंदर दिसतो बाप्पा!

काटोलचा संत्रावाला:
वारशाचं राहू द्या, कागद पाहा. इथं सातबारा नसतो, आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकी उतारा) असते. वाड्याचे सगळे वारस तिच्यावर आहेत का? जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, तर नाही ना? आमच्या नात्यात एका आत्याची सही राहिली अन् फ्लॅट कोर्टात अडकला. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर महारेराची (घर घेणाऱ्यांच्या हितासाठीच्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची नाही, म्हणजे लहान वाड्याच्या जागेवर ते संरक्षण धरून चालू नका. नोंदणी असेल तर करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. बांधकाम चालू असताना घेतला तर ५ टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर नाही.

सेलूकर:
हे कामाचं बोलले. पण मग एवढी कटकट घ्यायचीच काहून?

महालची लेक:
अन् तुमच्या गावात कोणते वाडे राखले? पाटलांच्या वाड्याचे कोरीव दरवाजे भंगारवाल्यानं नेले असतील ना?

सेलूकर:
आमच्या घरचे काकांनी विकले, आम्ही नाही. अन् त्या पैशात फ्लॅट नाही घेतला, बोअर मारली.