भांड्यांच्या लिक्विडसाठी बाटली व्हर्जिन की रिसायकल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भांडी घासायचं लिक्विड बनवण्याचा आमचा छोटा उद्योग आहे. बाटल्या तयारच घेतो, 500 मिलीच्या, पांढऱ्या, एचडीपीई या टणक प्लॅस्टिकच्या. आधी व्हर्जिन, म्हणजे नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या दाण्याच्या घ्यायचो. सहा महिन्यांपूर्वी पूर्ण रिसायकल दाण्याच्या घ्यायला लागलो. आपण विकलेली बाटली पुढे कुठे जाऊन पडते ते रोज दिसतं. ती परत वापरात यायची तर तिचा दाणा कुणीतरी घ्यायला हवा, आणि तो आपणच घ्यावा असं मनापासून वाटलं.

पहिले दोन महिने काही त्रास झाला नाही. मग एके दिवशी गोदामात थराच्या अगदी खालच्या खोक्याचा पुठ्ठा हाताला ओलसर लागला. उघडलं तर बारापैकी तीन बाटल्यांच्या बुडाशी लिक्विड. एक पुसून उलटी धरली, काहीच दिसेना. बुडाच्या मधोमध साच्याची जोडरेघ असते ना, तिच्या शेजारी अंगठ्याने दाबलं तेव्हा केसाएवढी चीर उघडली आणि एक थेंब बाहेर आला. अंगठा काढला की चीर पुन्हा मिटून जायची. भरताना तपासून ती सापडणं शक्यच नव्हतं. व्हर्जिनच्या बाटल्या अशाच थरात याहून जास्त दिवस राहिल्या आहेत, त्यातली एकही गळली नव्हती.

बाटलीवाल्यांचं म्हणणं, दाणा उत्तम आहे, तुमचं लिक्विडच कडक आहे. पण आमच्या लिक्विडचा पीएच 7 च्या आसपास असतो. ते प्लॅस्टिकला कसं खाईल?

आणखी दोन गोष्टी. रिकाम्या बाटलीला कुठल्यातरी जुन्या साबणाचा वास येतो, तो आमच्या लिंबाच्या वासात मिसळतो. शिवाय प्रत्येक लॉटचा पांढरा रंग वेगळा, कधी राखाडीकडे झुकलेला. रंगाचं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगेन, गळतीचं काय सांगणार?

व्हर्जिनवर परत जायची मनाची तयारी नाही, पण गळणारी बाटली कुणाच्या घरी पोचू देणं त्याहून वाईट. दोन्ही दाणे मिसळून काम भागेल का? आणि पुढे ब्लीचचं द्रावण सुरू करायचा विचार आहे, त्यालाही हीच बाटली चालेल का?

प्रतिसाद १

मी ब्लो मोल्डिंगमध्ये, म्हणजे हवा फुंकून बाटल्या बनवण्याच्या कामात, बरीच वर्षं आहे. हा सरळ स्ट्रेस क्रॅकिंगचा, म्हणजे ताणाखाली चिरा पडण्याचा प्रकार आहे. लिक्विड प्लॅस्टिकला खात नाही, त्यामुळे पीएचवरून काही ठरत नाही. फेस आणणारं द्रव्य, म्हणजे सरफॅक्टंट, जिथे प्लॅस्टिकवर ताण आहे तिथे शिरतं आणि रेणूंच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. तुमच्या बाटलीत सर्वांत जास्त ताण बुडाच्या त्या जोडरेघेवर, आणि थरात सर्वांत खालच्या खोक्यावर. नेमकी तिथेच चीर गेली आहे.

आता बाटलीवाल्यांना एकच विचारा: रिसायकल, पण कशाचा? बाटलीच्या एचडीपीईचा एमएफआय (वितळल्यावर प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) साधारण 0.3 च्या आसपास असतो, म्हणजे साखळ्या लांब. क्रेट आणि बादल्या इंजेक्शनच्या, म्हणजे वितळवून साच्यात दाबून भरायच्या मालाच्या, त्यांचा एमएफआय कितीतरी जास्त, साखळ्या आखूड. दोन्ही एकत्र दळले की दाणा दिसायला झकास, पण साबणापुढे टिकत नाही. दुसरी भानगड झाकणांची. धुण्याच्या टाकीत पेट (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लॅस्टिक) बुडतो, त्याची घनता 1.38. पण एचडीपीई 0.95 आणि झाकणांचं प्लॅस्टिक, पीपी, 0.90, दोन्ही तरंगतात. म्हणून बाटलीचं पीपी झाकण बाटलीबरोबरच दळलं जातं आणि बुडाचा जोड कच्चा राहतो. दुधाच्या बिनरंगी एचडीपीई बाटल्यांचा दाणा स्वच्छ असतो, पण तो बहुतेक होमोपॉलिमर, म्हणजे एकाच प्रकारच्या रेणूच्या साखळ्यांचा, साबणाला तोही कमजोरच. जुन्या डिटर्जंटच्या बाटल्यांचा निवडक दाणा मिळाला तर तो घ्या.

मिसळून चालेल, पण प्रमाण अंदाजाने ठरवू नका. बाटल्यांत तुमचंच लिक्विड एक तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा, 60 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. शेजारी व्हर्जिनच्या बाटल्याही असू द्या. रोज बुडाला दाबून बघा, कुठली किती दिवसांनी फुटते ते लिहून ठेवा. तीन थरांची बाटली काढणारा कुणी मिळाला तर फारच उत्तम. आत व्हर्जिनचा पातळ थर आणि मधे रिसायकल, म्हणजे लिक्विडला लागतो तो व्हर्जिनच. वासही बराच अडतो. नुसतं बाटलीचं वजन वाढवून मात्र हा प्रश्न सुटत नाही, तेवढ्यावर समाधान मानू नका.

प्रतिसाद २

ब्लीचबद्दल लिहितो, कारण तिथे चूक झाली तर महागात पडेल. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटला व्हर्जिन एचडीपीईच घ्या, अपारदर्शक, आणि झाकण हवा सोडणारं. लोह, तांबं, निकेल यांचा नुसता अंश असला तरी हायपोक्लोराइट विघटन पावतं आणि ऑक्सिजन सुटतो. रिसायकल दाण्यात कुठले जुने रंग आणि कुठली धूळ आहे याची खात्री कोण देणार? बाटली फुगेल आणि आतला माल कमजोर होईल. पेटही नको, ब्लीच अल्कधर्मी असतं आणि अल्कली पेटला हळूहळू तोडते.

भांड्यांच्या लिक्विडला मात्र रिसायकल पेटचा विचार जरूर करा. पीएच 7 ला पेटला काही होत नाही आणि बाटली पारदर्शक मिळते. फक्त आयव्ही, म्हणजे साखळ्यांच्या लांबीचा अंदाज देणारा आकडा, किती ते विचारा. बाटलीच्या पेटची साधारण 0.72 ते 0.84 असते. दाणा नीट न सुकवता वितळवला तर ओलाव्याने साखळ्या तुटतात, आयव्ही उतरते आणि बाटली ठिसूळ होते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आज जाऊन विचारलं. दाण्यात क्रेटचा चुरा होता, त्यांनी मान्य केलं. वास गोणीतही येत होता, मूठभर दाणे नाकाशी धरल्यावर लगेच कळलं. तीन जातीच्या प्रत्येकी दहा बाटल्या मागवल्या आहेत: व्हर्जिन, निम्मा-निम्मा आणि फक्त डिटर्जंटच्या बाटल्यांचा दाणा. गोदामातला उरलेला माल विक्रीतून काढून घेतला. ब्लीच व्हर्जिनमध्येच भरणार. ओव्हनमध्ये कुठली बाटली कितव्या दिवशी फुटली ते इथेच लिहीन.