परदेशात सायकलवर सुट्टी: प्लान कसा केलात, कुणाचा सल्ला कामी आला?

पेडलवाली

काल माळा काढला आणि हँडलला अडकवायची जुनी पिशवी हाताला लागली. आत डॅन्यूब नदीचा घडीचा नकाशा, घड्यांवर विरलेला, आणि त्यावर पेन्सिलीने काढलेले गोल. मग कसली आवराआवर, तिथेच बसले अर्धा तास.

जुलै २०१७. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, साधारण सव्वातीनशे किमी, मी आणि नवरा. आमचा मूळ प्लान उलटा होता, विमान व्हिएन्नाचं म्हणून तिथूनच सुरुवात आणि रोज ८० किमी, चार दिवसांत काम खलास. पुणे-महाबळेश्वर केलेलं, त्यामुळे सपाट रस्त्यावर ८० म्हणजे काय मोठंसं असं वाटायचं. वाटेतल्या लिंत्स शहरात राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलीला प्लान पाठवला तर तिने एकच विचारलं, "मावशी, थांबणार कधी?" आणि म्हणाली की वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो, आधी ट्रेनने पासाऊ गाठा आणि नदीबरोबर खाली या. तसंच केलं, सहा दिवस घेतले. पाठीवर वारा घेऊन चालवणं काय असतं ते तेव्हा कळलं.

आणि ते गोल काढलेत वाटेतल्या ग्राइन गावातल्या गेस्टहाउसच्या आजींनी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं जर्मन मोडकंतोडकं. नाश्त्याच्या टेबलावर नकाशा पसरला, कपबश्या बाजूला सारल्या आणि पेन्सिल घेतली. इथून फेरीने पलीकडच्या काठाला जा, या काठाला गाड्या फार. हा दुसरा गोल मेल्कच्या मठाला, सकाळी लवकर जा. तिसरा वाखाऊ नावाच्या खोऱ्यात, श्पित्स गावाजवळ. तिथे वर तारेला बांधलेली फेरी आहे, इंजिन नाही, नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. सायकली चढवल्या आणि निघालो, कसलाच आवाज नाही, फक्त पाणी. पलीकडे रस्त्याकडेला जर्दाळूचे ढीग लावलेले, नुकतीच तोडणी झालेली. आजींनी त्या गोलाशेजारी एक छोटा जर्दाळूसुद्धा काढलाय, देठासकट.

आता भाची आणि तिची मैत्रीण पुढच्या उन्हाळ्यात जायचं म्हणतायत. तिच्यासाठी विचारतेय, तुमचेही अनुभव लिहा. कुठलाही देश चालेल.

उत्रेख्तकर

नऊ वर्षं इथे राहतोय म्हणून नेदरलँड्सचं सांगतो. मार्ग शोधत बसू नका, क्नूपपुंटेन वापरा. म्हणजे सायकलरस्ते जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर असतो, खांबावर पुढच्या नंबरांचे बाण असतात. आदल्या रात्री नंबर कागदावर लिहायचे, २३-४७-४८-१२ असे, कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचं, दिवसभर फोन खिशात. बेल्जियममध्ये लिम्बुर्ग भागात हे आधी सुरू झालं, मग इकडे आलं.

आणि वारा!! चढ नाहीत म्हणून लोक खूश होऊन येतात पण मोकळ्या शेतात आडोसा नाही, समोरून वारा आला की ४० किमीत जीव निघतो. माझ्या ऑफिसमधले लोक काय करतात, सकाळी वाऱ्याची दिशा बघतात, वारा येतो त्या बाजूला ट्रेनने जातात आणि घराकडे चालवत येतात. फक्त ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सायकल घेत नाहीत, जुलै-ऑगस्ट सोडून. रात्री दिवे लावा, नाहीतर दंड.

भाचीला इकडे यायचं असेल तर आमच्याकडे दोघींची झोपायची सोय होईल. मनापासून सांगतोय.

कोथिंबीर_वडी

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) रोज रात्री कुठे राहणार ते दाखवावं लागतं आणि सायकलवाल्याचं कुठे ठरलेलं असतं, पाऊस आला की अलीकडच्या गावात थांबतो. आम्ही रद्द करता येतील अशी बुकिंगं केली, कव्हरिंग लेटरमध्ये दिवसवार गावं आणि किमी लिहिले, ३०,००० युरोचा विमा जोडला. तरी आमच्या बहिणीचा पासपोर्ट निघायच्या आदल्या संध्याकाळी हातात आला. ती पंधरा दिवस जेवली नाही नीट. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटपर्यंत थांबू नका ग कुणी.

चेन_तेल_वंगण

@कोथिंबीर_वडी अरेरे, तो शेवटचा दिवस आम्हीही काढलाय, बहिणीला सांगा समदुःखी आहेत.

स्वतःची सायकल न्यावी का यावर माझं मत: दहा दिवसांपेक्षा कमी असेल तर नेऊ नका. मी नेली, दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागून आणला, पेडल काढली (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, मी अर्धा तास चुकीच्या बाजूने पाना फिरवत होतो, शेवटी शेजारच्या काकांनी सांगितलं), डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सोडवून फ्रेमला बांधला, हवा कमी केली आणि तिकडे पोचल्यावर खोका ठेवायचा कुठे हा प्रश्न, कारण परतीचं विमान दुसऱ्या गावातून. पहिल्या रात्रीच्या हॉटेलने ठेवला पण परत तिथे जायला एक दिवस गेला. डॅन्यूबवर पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला सोडता येते, ट्रंक पुढच्या मुक्कामी पोचवणारेही आहेत. भाड्याच्या सायकलींना बऱ्याचदा मागचा ब्रेक पायात असतो, पेडल उलटं फिरवलं की थांबते. पहिला तासभर मोकळ्या जागेत सवय करा, आपल्याला सिग्नलला पेडल मागे फिरवायची खोड असते. ई-बाइक हवी असेल तर तिकडेच घ्या, तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

भटकी_आजी

वय ६१. शिमानामी काइदो, जपान. ओनोमिचीपासून इमाबारी, ७० किमीच्या आसपास, सहा बेटं आणि मधे समुद्रावरचे पूल. तरुण मुलं एका दिवसात करतात, मी मुलाबरोबर दोन दिवसांत केलं, मधे इकुची बेटावर मुक्काम, तिथे सगळीकडे लिंबाच्या बागा. रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे, ती सोडायची नाही. पुलावर चढायला रस्ता वळसे घेत घेत हळू वर नेतात त्यामुळे गुडघे रडले नाहीत. सायकल दुकानातल्या मुलाने सांगितलं की ओनोमिचीतून पहिल्या बेटावर पुलावरून नका जाऊ, फेरीने जा, पाच मिनिटांत पलीकडे. शाळेतली मुलं सायकली घेऊन त्याच फेरीत होती, सगळ्यांनी मान वाकवून नमस्कार केला, मीही केला. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, हा मोठा दिलासा. जून टाळा, तेव्हा त्यांच्याकडे पाऊस असतो.

दाभोळकडचा

फेरीचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे दाभोळ-धोपावे फेरी आहे, दिघी-आगरदांडा आहे, सायकल चढवा आणि जा पलीकडे. बाहेर जायच्या आधी कोकणात रेवसपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत एकदा करा. सामान किती लागतं, पार्श्वभाग किती तास टिकतो, जोडीदाराशी भांडण कितव्या चढावर होतं, सगळं कळतं :) आमचं केळशीच्या अलीकडे झालं आणि आंजर्ल्यात सोलकढी पिऊन मिटलं.

कोथिंबीर_वडी

@दाभोळकडचा सोलकढी कुठे प्यायलात? मे महिन्यात जातोय आम्ही.

दाभोळकडचा

घरगुती खानावळ होती, पाटी नव्हती. गावात कुणालाही विचारा, नेऊन पोचवतात.

उसळ_मिसळ

आम्ही शाकाहारी. ऑस्ट्रियात सूप म्हटलं की मांसाचा रस्सा असतो, वर भाजी नाहीतर धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असल्या तरी. पहिल्या दिवशी मुलाने अर्धा वाडगा प्यायल्यावर कळलं, मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, तो मात्र शांत झोपला. नंतर एका बेकरीवाल्या काकूंनी कागदावर जर्मनमध्ये लिहून दिलं, मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही. तो कागद सगळीकडे दाखवला. चीजचे श्पेत्सले (पिठाचे छोटे उकडलेले तुकडे) आणि काइझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) यांवर सहा दिवस निघाले. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच ब्रेड-फळं घेऊन ठेवा. थेपले तर हवेतच.

दोन_चाकी_संसार

मुलगी ८ वर्षांची आहे, तिला झेपेल का डॅन्यूब? रोज किती धरू?

उसळ_मिसळ

आमचा तेव्हा ९ चा. रोज ३०-३५ धरले, दमला की पुढचा टप्पा ट्रेन नाहीतर बोट. रस्ता बहुतेक नदीकाठाने सपाट, धरणांच्या भिंतीवरूनही पलीकडे जाता येतं, त्याला तेच सगळ्यात आवडलं. हेल्मेट घ्याच, तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे. आणि गाड्या उजवीकडून चालतात हे तिला इथेच शिकवा, आमचा पहिल्या चौकात सवयीने डावीकडे वळला होता, मागून आलेली बाई गाडी थांबवून, उतरून त्याला नीट बाजूला घेऊन आली. ओरडली नाही अजिबात.

पेडलवाली

किती लिहिलंत सगळ्यांनी, भाचीला लिंक पाठवली, ती रात्रीच वाचत बसणार. @उत्रेख्तकर तुमचा निरोप तिच्या आईलाही वाचून दाखवला, तिला फार धीर आला. @दोन_चाकी_संसार माउटहाउजेनची नाझी छळछावणी वाटेतच लागते, मुलीला घेऊन आत जायचं का ते आधी दोघांनी बोलून ठरवा. आम्ही गेलो होतो, त्यानंतर तासभर दोघंही बोललो नाही, नुसते चालवत राहिलो.

भटकी_आजी

पेडलवाली, त्या ग्राइनच्या आजी नंतर भेटल्या का ग?

पेडलवाली

नाही हो. दोन वर्षं नाताळला कार्ड पाठवलं, त्यांचंही यायचं, त्यावर सायकलचं चित्र काढलेलं असायचं. मग यायचं थांबलं. भाचीला त्यांच्याच दारावरून जायला सांगितलंय. मूळ नकाशा तिला देत नाही, झेरॉक्स काढून देणार.

चेन_तेल_वंगण

झेरॉक्समध्ये पेन्सिल नीट उठत नाही, रंगीत स्कॅन करा. आणि आम्हालाही बघू द्या की नकाशा.

पेडलवाली

टाकते, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ देत.