अनुभव धागा: सहलीची वर्गणी आणि वर्गात मागे राहणारी मुलं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आठवड्याभरात सहलीची चिठ्ठी घरी येते. रायगड, प्रतापगड, वेरूळ, शेगाव, नाहीतर हल्ली एखादं रिसॉर्ट. खाली रक्कम, त्याखाली पालकांच्या सहीची जागा. ज्या घरात किराणाच उधारीवर चालतो तिथे ती चिठ्ठी बऱ्याचदा दप्तरातून बाहेरच येत नाही. मूल परस्पर ठरवून टाकतं, आईला विचारायचंच नाही.

शिक्षक, पालक, पैसे देणारे आणि स्वतः कधी सहलीला न गेलेले, सगळ्यांनी लिहा. मदत करावी हे सगळ्यांना पटतं. ती कशी केली आणि कुठे अडली ते हवं आहे. शाळेचं आणि मुलांचं नाव नको. माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला बरं: पैसे उभे करणं त्यातल्या त्यात सोपं. कोणाचे भरले हे वर्गाला न कळू देणं अवघड.

*

झेडपी शाळेतली शिक्षिका, धाराशिव जिल्हा

आधी हिशेब सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. आम्ही एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी भाड्याने घेतो. शालेय सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र आगारात द्यावं लागतं. पण भाडं गाडीचं असतं, पोराचं नसतं. समजा, गाडीचे 14,000 झाले. 40 मुलं आली तर डोईला 350 पडतात. 28च आली तर 500. म्हणजे बारा जण पैशापायी घरी राहिले की उरलेल्यांचीही वर्गणी चढते, आणि ती चढली की काठावरचे आणखी दोन-तीन गळतात. उलट 35 जणांनी 400 दिले तरी गाडी निघते आणि पाच जण बिनवर्गणीचे बसतात. वाढतो तो फक्त त्यांच्या जेवणाचा खर्च.

हे मी पालकसभेत फळ्यावर मांडलं. मागे उभे असलेले एक किराणा दुकानदार म्हणाले, "बाई, मग 400च धरा की सरसकट. कोण देतंय, कोण नाही, ते तुमच्यापाशी ठेवा." तेव्हापासून तसंच चालतं. शिवाय जुलैपासून शनिवारी सहलीची भिशी असते, पाच-दहा रुपये, जमतील तसे. वही माझ्या कपाटात. त्यातला आकडा मी वर्गात वाचून दाखवत नाही आणि मॉनिटरच्या हातीही वही देत नाही.

*

घरकाम करते, पुणे (मुलगी टाइप करते आहे)

धाकटा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून मोठ्या इंग्रजी शाळेत लागला. फी माफ आहे. सहल, गॅदरिंगचा ड्रेस, प्रोजेक्टचं सामान यातलं काही माफ नाही. वॉटर पार्कचे 2,200 मागितले. एका घरची भांडी-फरशी महिनाभर केली की मला तेवढे मिळतात. मी ज्या ताईंकडे जाते त्या स्वतःहून द्यायला तयार होत्या आणि मी घेणारही होते. पण त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर पैसे न भरलेल्यांची यादी पडली. सहा नावं, त्यातली पाच आमच्यासारख्यांची. मुलगा घरी येऊन म्हणाला, मला पाण्यात खेळायला आवडतच नाही. मग मी ताईंना नको म्हटलं. यादी टाकली नसती तर पोरगं गेलं असतं.

*

शिक्षक, बीड जिल्हा

आमच्याकडं पैशाआधी सही अडते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणाचे आईबाप सांगली-कोल्हापूरकडं, कुणाचे कर्नाटकात. पोरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. आणि सहल असते डिसेंबर-जानेवारीत. 2016 साली मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर परवानग्या आणि हमीपत्रांचं काम कडक झालं. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण सही करणारा बाप तर उसाच्या फडावर.

एका आजीनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. पैसे कमरेच्या पिशवीत होते, मला काढून दाखवले सुद्धा. म्हणाली, "सर, लेकरू माझ्या लेकाचं हाय. काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू?" यावर काय बोलणार!

आता मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात असते तेव्हाच, टोळी निघायच्या आत, सही आणि वर्गणी दोन्ही घेऊन ठेवतो. ठिकाण तोवर ठरलेलं नसतं, म्हणून कागदावर दोन-तीन ठिकाणं लिहून पालकांना वाचून दाखवतो. ज्याची उचल जुन्या देण्यातच वळती झाली त्याच्याकडं पैशाचा विषय काढत नाही, नुसती सही घेतो.

*

माजी विद्यार्थी, सध्या दुबईत

आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप दरवर्षी गावच्या शाळेला सहलीचे पैसे देतो. पहिल्या वर्षी कोणीतरी फ्लेक्स छापून घेतला होता, 'अमुक बॅचतर्फे गरजू विद्यार्थ्यांना मोफत सहल', आणि मुलांना त्यापुढे उभं करून फोटो हवा होता. बाईंनी फ्लेक्स गुंडाळून स्टाफरूममध्ये ठेवला आणि आम्हाला फक्त खर्चाच्या पावत्या पाठवल्या. ग्रुपवर थोडी कुरकुर झाली. दोघांनी पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत. बाकीच्यांचं काही अडलं नाही.

*

शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, नगरकडची

वरच्या दादांचं बरोबर, पण दुसरी बाजू पण बघा. आमच्या इथं काही आयांना फुकट नकोच असतं. एक जण मला म्हणाली, "पैसे नाहीत ताई, पण हात आहेत." तिनं आणि बचत गटातल्या तिघींनी सहलीसाठी धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून दिली. पीठ-तेल शाळेनं दिलं. बाहेरच्या जेवणाचा एक वेळचा खर्च वाचला, आणि तिच्या मुलाच्या नावापुढं वर्गणी जमा असं लिहिलं. खोटं नव्हतंच ते.

*

भूगोल शिकवतो, माध्यमिक शाळा

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा क्षेत्रभेट. नळदुर्गहून अलिबागला निघालेली मुलं, वाटेत बदलत जाणारी जमीन, पिकं, घाट, शेवटी समुद्र. धडा चांगला आहे. पण माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी तालुक्यापलीकडे काही पाहिलेलं नसतं आणि ती 'क्षेत्रभेटीची पूर्वतयारी लिहा' याचं उत्तर पाठ करतात.

जवळची क्षेत्रभेट करा, पोस्ट, दूध डेअरी, बंधारा दाखवा, खर्च शून्य, असा सल्ला नेहमी मिळतो. मी करतोही. पण गरिबांची मुलं पोस्टात आणि बाकीची रायगडावर, अशी वाटणी होणार असेल तर मला ती मान्य नाही. तसंच निवड परीक्षांचं. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन झेडपीच्या मुलांना इस्रो आणि नासा दाखवायचं ठरवलं, त्याचं कौतुकच आहे. मात्र जो परीक्षेत मागे पडतो त्यालाही समुद्र बघायचा असतो.

*

निवृत्त मुख्याध्यापक

दोनच गोष्टी, बऱ्याच शाळा वापरत नाहीत म्हणून. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, रायगड सगळीकडे. तरी सहलीच्या अंदाजपत्रकात 'प्रवेश शुल्क' म्हणून रक्कम धरलेली मी पाहिली आहे. पालकांनी जरूर विचारावं. (रायगडाचा रोपवे वेगळा, त्याला पैसे पडतात. पोरांना पायऱ्या चढू द्या.) दुसरं, ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेला वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी रेल्वेच्या सेकंड क्लासच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून अर्ज सहामाही परीक्षेच्या आधीच करावा.

*

शिक्षिका, मुंबई उपनगर

वर्गणी भरून प्रश्न संपत नाही. आमची सहल राणीबागेला होती, खर्च फार नव्हता. तरी एक मुलगी आली नाही. चौकशी केली तर सहलीला गणवेश नको असं आम्हीच सांगितलेलं, आणि तिच्याकडे बाहेर घालण्याजोगा दुसरा ड्रेस नव्हता. आता सहल गणवेशातच. गर्दीत मुलं ओळखू येतात, हे कारण सगळ्यांना पुरतं. खाऊचे पैसेही प्रत्येकी 50, जास्त आणले तर परत घरी. ज्यांच्याकडे नसतात त्यांचे 50 आम्ही आदल्या दिवशीच पाकिटात घालतो आणि गाडीत सगळ्यांना सारखीच पाकिटं वाटतो. एका पालकांनी, माझ्या मुलाला पाचशे का चालत नाहीत, म्हणून तक्रार केली होती. मुख्याध्यापिका ठाम राहिल्या.

*

नवीन शिक्षक, नांदेड

वाचून भिशी सुरू करायचं ठरवलंय. धाराशिवच्या ताई, आगारात दिलेल्या पत्राचा नमुना आहे का? आणि भिशीतून एखादं मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर त्याचे पैसे तुम्ही कसे परत करता?