मदत हवी आहे: विमानाच्या इंधन टाक्यांचं मॉडेल, पंखांचं पाणी इंजिनापर्यंत पोचत नाही

नमस्कार मंडळी. मी नागपूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सोनेगावला उतरणारी विमानं आमच्या वर्गातून दिसतात. विमानाचं इंधन बरचसं पंखांत भरलेलं असतं असं सांगितलं, तर एका मुलीनं विचारलं, ''मग सर, वजनानं पंख मोडत नाहीत का?''

उलट आहे. उडताना हवा पंखांना वर उचलते आणि मधलं धड खाली ओढतं, म्हणून पंख मुळाशी वर वाकू पाहतात. पंखांतलं इंधन त्यांना दाबून धरतं. त्यामुळे बोइंग ७३७ मध्ये मधली टाकी आधी वापरतात, पंखांतल्या मागून. खरी गंमत पुढे आहे. त्यासाठी वैमानिकाला टाकी बदलावी लागत नाही. सगळ्या टाक्यांचे पंप एकदमच चालतात, फक्त मधल्या टाकीच्या पंपांचा दाब जास्त असतो. त्या दाबापुढे पंखांचं इंधन पाइपात शिरत नाही. मधली संपली, दाब उतरला, की पंखांचं आपोआप सुरू. इतकी साधी आणि इतकी हुशार सोय मुलांनी डोळ्यांनी पाहावी, असं फार वाटतं.

म्हणून मॉडेल केलं. मधे तेलाचा पत्र्याचा पिपा, दोन्हीकडे पारदर्शक कॅन, इंजिन म्हणून एक बरणी, आणि कूलरचे पंप (ते नागपुरात घरोघरी सापडतात). तिन्ही पंप १८ वॅटचे लावले तर तिन्ही टाक्या बरोबरीनं उतरल्या. मधे ४० वॅटचा लावला, तर कॅनमधलं पाणी चक्क वर चढायला लागलं! मधलं पाणी पंखांच्या पंपांतून उलटं शिरत होतं. मग इतवारीतून दोन एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) आणून पंखांच्या पाइपांना बसवले. आता पिपा आधी संपतो, अगदी हवं तसं. पण तो संपल्यावर मधला पंप बंद केला (कोरडा चालला तर जळतो), की इंजिनाच्या बरणीत नुसती करंगळीएवढी धार येते. कॅनमधलं पाणी तर भराभर उतरतंय. मग ते जातंय कुठे? पाइप कुठेच गळत नाही. सोमवारी वर्गात दाखवायचं आहे, कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १:
सर, पिप्याचं झाकण उघडून बघा. मधल्या पाइपाला एनआरव्ही लावलाच नाही ना? बंद पंपातून पाणी मागे पिप्यात जात असणार. पाण्याला जिकडे कमी अडथळा, तिकडे ते पळतं. खऱ्या विमानात प्रत्येक पंपाच्या तोंडाशी अशी झडप असते, मधल्यासुद्धा. आणि स्प्रिंगचा एनआरव्ही घेऊ नका, कूलरच्या पंपाला तो उघडायला जड जातो. पाळीचा (आत झुलती पाळी असलेला) घ्या, आडवा बसवा, त्यावरचा बाण इंजिनाकडे. कॅन दोन विटांवर चढवा. विमानात टाकीतले पंप बंद पडले तरी इंजिनावरचा पंप पंखांतलं इंधन ओढून घेऊ शकतो, तुमच्या बरणीला ती ताकद नाही.

धागाकर्ता:
भाऊ, आत्ताच झाकण काढलं. पिपा अर्ध्यापर्यंत भरलेला! मी पंखांकडेच बघत बसलो होतो. उद्या सकाळी दुकान उघडलं की तिसरा एनआरव्ही आणतो, पाळीचाच. पिप्याला काचेची खिडकीही करतो, म्हणजे मुलांना मधली पातळी दिसेल. मनापासून आभार.